पत्र्याखालचा बोकड

शिमग्यानंतर आमच्या काळ्या बोकडाला काहीतरी झालं. पूर्वी गावच्या शेळ्या त्याला लावल्या की हमखास फळायच्या. आता तीन आठवड्यांनी त्या पुन्हा माजावर यायच्या.

"मंगळवारी बाजारात नेतो," माझा मुलगा अजिनाथ म्हणाला. "खाटकाला करडं थोडीच पायजेत."

बाटलीनं दूध पाजून मी वाढवलेला बोकड तो.

गेवराईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उन्हानं वीर्य बिघडलं असेल. गार सावलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांत सुधारेल."

अजिनाथ हसला. "मंग पत्र्याचं शेड कशाला घातलंय? सावलीच हाय की."

मलाही उन्हाचं पटलं नाही. माझा वहीम शेजारच्या वनमालावर होता. तिनं शिमग्यालाच नवा बोकड घेतला होता आणि आमच्याकडून रिकाम्या गेलेल्या शेळ्या आता तिच्या दारात जात होत्या. त्यात परवा काळ्याच्या पुढ्यात मला पाल्याची काडी सापडली. आम्ही तर त्याला नुसता कडबा घालतो. दुसऱ्याच्या वळूला काहीबाही चारून निकामी केल्याच्या गोष्टी मी लहानपणी पुष्कळ ऐकल्यात.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले, तेव्हा मी शेडात कडब्याच्या पेंढ्यांमागे जाऊन बसले. म्हटलं, आज हिला रंगेहाथ धरायचंच.

कुणी येईना. लुगडं पाठीला चिकटलं. उठताना लोखंडी खांबाला हात लागला तर चटका बसला. काळ्या जीभ काढून धापत होता, माझ्याकडे बघतही नव्हता.

याच जागी सासूबाई बोकड बांधायच्या. तेव्हा इथं कडुनिंब होता. चैत्र लागला की त्या भुई शिंपायच्या आणि म्हणायच्या, "बोकडाची बैठक गार पायजे." गेल्या दिवाळीनंतर शेड घालताना अजिनाथनं तो कडुनिंब पाडला. आणि मी चोर शोधत बसले होते.

तेवढ्यात वनमाला आत आली. हातात पाल्याची जुडी.

"मावशी, तुमी कावून हितं?"

"तू कावून?"

"कडब्याला तोंड लावीना ते दुपारचं. शेवरी तेवढी खातंय."

मी जुडी हातात घेऊन हुंगली. शेवरीच होती, शेळ्यांचा नेहमीचा पाला.

"बघा नीट," ती म्हणाली. "एखादं पान खाऊन बी बघा."

मी जुडी काळ्यापुढं टाकली. "वनमाला, ह्याला तुझ्या कडुनिंबाखाली बांधू दे."

"आन उद्या माझा बोकड बिघडला तर मी कुणावर वहीम घेऊ?"

"माझ्यावर घे."

मंगळवारी अजिनाथ दावं घेऊन शेडात गेला, तिथून वनमालाच्या अंगणात आला. काळ्या ओल्या भुईवर पाय दुमडून बसला होता.

"पोळ्यापर्यंत सुटायचा न्हाई," वनमाला म्हणाली. "मावशीला बोलले हाय मी तसं."

"आये, तू बी हितंच?"

"बसलेय," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिच्या बाजेवर बसते. तिचा डोळा माझ्यावर, माझा तिच्या हातातल्या पाल्यावर.