मास्तरांना विचारून

ताई ग्रंथपाल, मी प्रोग्रामर, आणि मास्तर शेजारच्या शाळेत गणित शिकवायचे. तेवीस वर्षांपूर्वी ताईच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एकाच कॉम्प्युटरपुढे तीन खुर्च्या खेटून आम्ही एक प्रोग्राम लिहिला. पुस्तकाचं नाव चुकीचं टाइप केलं तरी तो नेमकं पुस्तक शोधून द्यायचा. ही करामत मास्तरांची. सुट्टीच्या दिवशी सकाळी जमायचं आणि ऱ्हस्व-दीर्घावरून जेवणवेळेपर्यंत हुज्जत घालायची. त्या खोलीत हसले तितकी मी पुढे कुठल्याच नोकरीत हसले नाही.

मग एकदा मी मास्तरांना न विचारता त्यांचा भाग बदलला. हे कळलं तेव्हा ते चष्मा खिशात घालून गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

यंदा ताई निवृत्त झाली. इतर वाचनालयं प्रोग्राम मागत होती, म्हणून तो सगळ्यांसाठी खुला करायचं ठरलं. त्यासाठी, तो कुणी कसा वापरायचा हे ठरवणारं लायसन्स निवडायला हवं होतं, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमतीही हवी होती.

"मास्तरांचा भाग मी नव्याने लिहिते," मी म्हटलं. "दोन दिवसांचं काम."

"म्हणजे पुन्हा तेच करणार?" असं म्हणत ताईने फोन माझ्यापुढे सरकवला.

मास्तरांनी आवाज लगेच ओळखला. मी आधी माफी मागितली.

"अगं, मी तरी कुठे कमी हट्टी होतो," ते म्हणाले. "लायसन्स कोणतं घेताय?"

"अगदी मोकळं. कुणीही न्यावं, काहीही करावं."

"तसं नको. नेऊ देत, बदलू देत. पण बदललेलं पुढे वाटायचं तर त्यांनीही ते खुलंच ठेवायचं. नाहीतर कुणीतरी त्याला कुलूप लावेल आणि वाचनालयांना आपलंच दार ठोठावायला लावेल."

मला मोकळंच हवं होतं. पण या खेपेला विचारलं होतं, तर ऐकायलाही हवं होतं. मास्तर म्हणाले तेच लायसन्स लावलं.

चार महिन्यांनी एका अनोळखी ग्रंथपाल बाईंनी दुरुस्ती पाठवली, तीही मास्तरांच्याच भागात. मी जरा भीतभीतच मास्तरांना कळवलं. ते काठी टेकत ताईच्या घरी आले आणि ओळ न् ओळ वाचून काढली.

"माझ्यापेक्षा बरं लिहिलंय बाईंनी," ते म्हणाले. "घ्या."

मग एका बोटाने टाइप करत बाईंना उत्तर त्यांनी स्वतःच लिहिलं. त्यात आभार होते, आणि एक शंकाही विचारली होती.