ताबोरच्या तळघरातला श्वास

रविवारची प्रार्थना आटोपून अर्धं ताबोर गाव ओटिलीच्या घरी लोटलं होतं. तळघराच्या जिन्यावर एवढी दाटी, की खालचा एक जण बिचकला असता तर वरचे सगळे पालथे झाले असते. तळाशी भुतं उतरवणारा हावेलबुवा ताठ उभा. आठवडाभर घरोघरची भाजलेली बदकं खाऊन गाल तुकतुकीत झालेले. त्यानं साखळीला टांगलेली मेणबत्ती हळूहळू खाली सोडली. गुडघ्यापर्यंत आली आणि वारा नाही, फुंकर नाही, विझली. जिन्यावर सगळ्यांचे हात क्रूस करायला छातीशी गेले.

“बघितलंत? खालच्यानं श्वास ओढला,” बुवा म्हणाला.

हा खालचा म्हणे जुन्या धर्मयुद्धात भुयारात गाडला गेलेला शिपाई. ओटिलीच्या सात वर्षांच्या लेकीला, आपोलेनाला, फेफरं यायचं, ते त्यानं धरल्यामुळे. उपाय एकच. पोरीनं तिथे जमिनीवर बसायचं आणि शंभर वेळा प्रभूची प्रार्थना म्हणायची. निपचित पडली की शिपाई सुटला.

चाळीस वर्षं मी बिअरच्या कारखान्यात काढलीत. बिअर आंबताना जो वायू सुटतो, तो दिसत नाही, पण हवेहून जड. पाण्यासारखा तळाशी साचतो. म्हणून आमच्यात माणसाआधी दिवा उतरतो. दिवा विझला तर माणूस थांबतो. माझा भाऊ थांबला नव्हता.

मी हे सांगितलं तर लोक हसले. चूक माझीच. गावच्या जॉर्डन तलावात मी दाढीवाला मासा धरला आणि तो माझ्याशी जर्मन बोलला, हे याच लोकांना मी वीस वर्षं सांगत आलोय.

“किलियनकाका, यावर मासा काय म्हणतो?” शेजारच्या खाटकानं विचारलं.

ओटिली पोरीचा हात धरून उतरू लागली. दर पायरीला थांबत होती, पण उतरत होती. पोर बेशुद्ध पडेल, एवढंच हावेलला माहीत होतं. ती उठणार नाही, हे मला.

मी कठड्यावरून दोरीनं बादली तळाशी सोडली, ओढून घेतली आणि खाटकापुढे धरली.

“काय आहे हिच्यात?”

“काही नाही.”

ते ‘काही नाही’ मी त्याच्या हातातल्या मेणबत्तीवर ओतलं. ज्योत विझली. खाटकाचं हसू तिथल्या तिथे थिजलं.

“अख्खा शिपाई बादलीत मावला होय रे, हावेल? आधी तूच बस की खाली. शंभर नको, एकदाच प्रार्थना म्हण.”

हावेल बसला नाही. आठवडाभरात तो तळघरात एकदाही वाकला नव्हता, हे लोकांना तेव्हा आठवलं.

ओटिली लेकीला उचलून धावली ती थेट डॉक्टरांच्या दारात. आम्ही वरूनच लांब गजानं भिंत ठोकली. तळची वीट सैल निघाली. पलीकडचं तळघर बुवानंच भाड्यानं घेतलेलं, तिथे बिअरची तीन पिंपं आंबत होती. आमच्या गावातली तळघरं एकमेकांना जोडलेली आहेत, मधे नुसत्या विटा, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घाबरलेला माणूस विटांकडे बघत नाही.

आपोलेनाचं फेफरं औषधानं पुरतं गेलं नाही, कमी झालं. आता ती माझ्याकडून माशाची गोष्ट ऐकते आणि म्हणते, “काका, थापा.”

तिचं बरोबर आहे. माझ्या माशावर खुशाल विश्वास ठेवा, त्यानं कुणी मरत नाही. पण तुमच्या लेकराला अंधारात बसवायला जो सांगतो, त्याला आधी स्वतः बसायला सांगा. आणि त्याच्याही आधी दिवा सोडा.