पाण्याने बेतलेला शर्ट

मी एक जुनी झारी आहे. जुनी म्हणजे किती ते विचारू नका, मी सांगणार नाही. माझ्या बुडाला तीन ठिगळं आहेत आणि त्यातलं पहिलं ठिगळ तुमच्या आईपेक्षा वयाने मोठं असेल. एवढ्यावरून काय तो अंदाज करा.

मित्रांनो, तुम्ही आजकाल झाडांना नळीने पाणी घालता. नळीविषयी मी वाईट बोलणार नाही. ती मधेच मुडपते, फुसफुसते, जिथे नको तिथे पाणी उडवते, पण मी वाईट बोलणार नाही.

माझा जन्म पत्र्याची भांडी करणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. त्याने जस्ती पत्रा कापला, लाकडी ठोकळ्यावर ठोकून ठोकून त्याला गोलाई आणली, सांध्यांना कथलाचा डाख दिला आणि वर जाड कडीची मूठ बसवली. मग मला काठोकाठ भरून खुंटीला टांगलं, खाली एक कोरडा कागद पसरला आणि तो जेवायला गेला. परत आला तेव्हा कागद कोरडाच होता. "पोर गुणी निघाली," तो म्हणाला. ते माझं पहिलं कौतुक. इतकी वर्षं झाली, अजून ते पुरवून पुरवून वापरते आहे.

तरुणपणी मी एका रोपवाटिकेत होते. माझ्या तोंडावर भोकाभोकांची पितळी टोपी होती, त्यामुळे पाणी अगदी हलकं, झिरमिर पडायचं. कालच उगवलेल्या रोपालाही माझ्यामुळे कधी धक्का लागला नाही. पण एके दिवशी ती टोपी हौदात पडली आणि सापडली नाही. त्यानंतर माझ्या तोंडातून पाण्याची एकच धार पडायला लागली. धारेने माती उकरली जायची, रोपं आडवी व्हायची. माळी वैतागला. त्याने मला एका निवृत्त बसचालकाला देऊन टाकलं. गच्चीवर पाच-सहा डब्यांत लिंबाची झाडं लावणारा हा माणूस. त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. त्यांची बायको त्यांना 'अहो' म्हणते, म्हणून माझ्या लेखी ते अहोच.

अहोंचं घर म्हणजे खाली शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. पुढे गच्चीवर नळी आली आणि मी दुकानाच्या मागच्या दाराशी आले. उन्हाळ्यात पाणी सकाळी तासभरच यायचं, म्हणून मला भरून तिथे ठेवत. तोंड धुवायला, पडदा ओला करायला, इस्त्रीआधी कपड्यावर शिंपडायला. काम कमीपणाचं होतं, पण जागा मोक्याची होती. तिथून सगळं दुकान दिसायचं.

दुकान अहोंच्या बायकोचं. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. बाईला मास्तर कसं म्हणायचं, हा प्रश्न गल्लीत कोणाला पडला नाही, कारण त्यांच्यासारखं कापड बेतणारं दुसरं कोणी नव्हतंच. मास्तर खडूने आखत नसत. गिऱ्हाइकाकडे एकदा पाहायच्या, टेप एकदा फिरवायच्या आणि थेट कात्री चालवायच्या. कापडावर रेघ नाही, कागदावर आकृती नाही. जे काही होतं ते हातात.

मग एका हिवाळ्यात तो हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. पण हे जाणारही नाही." त्याच आठवड्यात गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचं कोटाचं कापड मास्तरांच्या हातून वाकडं कापलं गेलं.  मास्तरांनी कात्री खणात ठेवली, खण बंद केला आणि त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. पुढचं दीड वर्ष त्या ओट्यावरच बसल्या, असं म्हटलं तरी चालेल.

घरच्यांनी त्यांना फुलासारखं जपलं. चहा अर्धाच कप, म्हणजे सांडायला नको. ताट हलकं, प्लास्टिकचं. "आई, राहू द्या, मी घेते." "अगं, तू कशाला उचलतेस?" असं दिवसभर चालायचं. आणि गंमत अशी, की हातात जितकं हलकं द्यावं तितका हात जास्त थरथरायचा. मला ते दाराशी बसून दिसायचं. पण झारीचं ऐकतो कोण?

दुकान आता सुनेने धरलं होतं. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सून शिवायची मात्र सुरेख. तिच्या टाक्याला नाव ठेवायची सोय नव्हती. पण तिला बेतता येत नव्हतं. तिने सुरुवातीला शिकायचा प्रयत्न केला होता.

"आई, मुंढ्याला किती गोल घ्यायचं?" मुंढा म्हणजे शर्टाला बाही जोडतात ती जागा.

"बेताचं गोल."

"बेताचं म्हणजे किती?"

"अगं, म्हणजे... असं." मास्तर हवेत बोट फिरवायला जायच्या. बोट थरथरायचं आणि हवेत मुंढा सोडून बाकी सगळं उमटायचं. मास्तरांचे डोळे भरून यायचे. सुनेने विचारणं सोडून दिलं आणि ती कापड बेतायला बाहेर पाठवू लागली.

तिथून रडकथा सुरू झाली. शर्ट परत यायला लागले. हात वर केला की अख्खा शर्ट वर यायचा. सून बाहेरच्या कारागिराला सांगायची, "मुंढा मोठा करा, अजून खाली घ्या, हात मोकळा होईल." तो खाली घ्यायचा आणि शर्ट पहिल्यापेक्षा जास्त वर यायचा. यातलं अक्षरही मास्तरांना कळू दिलं नव्हतं. "दुकान कसं चाललंय?" असं त्यांनी विचारलं की सून आणि अहो दोघंही एका सुरात "छान!" म्हणायची.

सगळ्यात मोठं दुखणं होतं वाहतूक पोलिसाचं. वाचनालयासमोरच्या चौकात त्याची ड्यूटी असायची. आता विचार करा, ज्याची नोकरीच हात वर करण्याची, त्याचा शर्ट दर मिनिटाला पँटमधून बाहेर! तो स्वभावाने गरीब होता. तो सुनेला म्हणाला, "वहिनी, आमच्या बारा जणांचे शर्ट शिवायचे आहेत. सोमवारी एक नमुना दाखवा. जमला तर काम तुमचं. नाहीतर साहेब दुसरीकडे देतील." तो गेल्यावर सून अहोंना हळूच म्हणाली, "बाबा, हे काम गेलं तर मी दुकान बंद करते. तयार कपड्यांच्या गोदामात घडी घालायला माणसं हवी आहेत." अहोंनी मान हलवली आणि मला उचलून पडद्यावर पाणी मारलं. पडदा ओलाच होता.

हे गुरुवारचं. शनिवारी संध्याकाळी त्याच चौकात चित्रांचा कार्यक्रम होता. भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेत लिहिलं होतं: रंग आणू नका. बादली, झारी, कुंचला, झाडू, जे पाणी सांडू शकेल ते आणा. चौकातल्या कारंज्याचा हौद सफाईसाठी रिकामा करायचा होता. ते पाणी नुसतं गटारात सोडण्यापेक्षा लोकांनी त्याने तापलेल्या फरशीवर चित्रं काढावीत, अशी एका चित्रकार बाईंची कल्पना होती. घरात पंखा गरम हवा फेकत होता. अहो म्हणाले, "चला, निदान पायाखाली तरी गार लागेल." त्यांनी मला घेतलं. दीड वर्षात पहिल्यांदा मी घराबाहेर पडत होते. आणि मास्तरही. सून दुकान बंद करून मागोमाग आली.

काय सांगू मित्रांनो, तो चौक! ऊन नुकतं कललं होतं. दिवसभर तापलेला दगड पांढुरका दिसत होता आणि पाणी पडलं की काळा होत होता. कोणी झाडूने ढग काढत होतं, कोणी कुंचल्याने मांजर. पेपर टाकणाऱ्याने स्वतःची सायकल काढली. पण पाच-सहा मिनिटांत सगळं वाळून जायचं. मांजराचं शेपूट काढून होईपर्यंत कान गायब. लोक हसत होते, पुन्हा काढत होते. चित्र बिघडलं म्हणून रडावं, एवढा वेळ ते टिकतच नव्हतं.

अहोंनी कोंबडी काढली. ती किटलीसारखी झाली. त्यांची कंबर धरली. त्यांनी मला पुन्हा काठोकाठ भरलं, आणि कंबरेवर हात ठेवता यावा म्हणून, काही विचार न करता, बायकोला म्हणाले, "हे जरा धर."

मास्तरांनी मला धरलं.

भरल्यावर माझं वजन आठ-नऊ किलो होतं. त्यांची बोटं माझ्या मुठीभोवती आवळली, दंड ताणला गेला, आणि मला जाणवलं, की माझ्यातलं पाणी हलत नाहीये. हात स्थिर होता. हे जगात सगळ्यात आधी मला कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्या तोंडातून पाण्याखेरीज दुसरं काही निघत नाही.

तेवढ्यात तिकडे पोलिसाने गाड्या थांबवायला हात वर केला. शर्ट सर्रकन वर आला, बनियन दिसली. पोरं खिदळली. मास्तर बघतच राहिल्या.

"हा शर्ट कोणाकडचा?"

सुनेने खाली पाहिलं. "आपल्याकडचा, आई."

"आणि मुंढा एवढा खाली कोणी उतरवला?"

"मीच सांगितलं. हात मोकळा व्हावा म्हणून."

मला वाटलं, आता या रागावणार. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दीड वर्षांनी कोणीतरी त्यांना खरं उत्तर दिलं होतं.

"उलटं आहे गं सगळं," त्या म्हणाल्या. "थांब, दाखवते."

त्यांनी मला तिरपं केलं. माझ्या टोपी नसलेल्या तोंडातून धार सुटली, सरळ, एकसारखी. मास्तर मागे मागे चालत होत्या. आधी पाठीची उभी रेघ, चांगली दहा पावलं. मग खांद्याचा उतार. मग मुंढा. तिथे त्यांचा वेग बदलला. आधी जरा सरळ खाली, मग एकाएकी आत, मग अलगद काखेकडे. कात्री चालवावी तशी त्यांनी मला चालवलं. मी तुम्हाला खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

"आई, हे वाळायला लागलं!" सून ओरडली.

"मग उभी काय राहिलीस? चाल त्याच्यावरून!"

सुनेने चप्पल काढली आणि ती ओल्या रेघेवरून एकेक पाऊल टाकत निघाली. रेघ राहणार नव्हती, म्हणून मास्तरांना बोलणं भाग होतं. हातात इतकी वर्षं मुकं बसलेलं सगळं तोंडात आलं. "मुंढा काखेजवळ, वर ठेवायचा. खाली नेलास तर बाही शर्टाला बांधली जाते, मग हातासोबत सगळा शर्ट उठतो. आता पाऊल वळलं ना? तिथेच! तिथे गोलाई. आणि ही बाहेरची दुसरी रेघ शिलाईच्या मायेची. आतल्या रेघेवर शिवायचं, बाहेरच्या रेघेवर कापायचं."

अर्ध्यात धार थरथरू लागली. रेघेऐवजी थेंब पडायला लागले. मी रिकामी होत आले होते, हलकी झाले होते. मास्तरांचा चेहरा उतरला. अहोंच्या मात्र लक्षात आलं. कोणाच्या नसतं आलं, पण त्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती, रिकामी गाडी जास्त हादरते हे त्यांना ठाऊक होतं. "पाणी भरा! भरा लवकर!" म्हणत ते मला घेऊन कारंज्याकडे धावले. कंबरेचं नाव नाही.

त्या संध्याकाळी मी अकरा वेळा भरले गेले. मास्तरांनी त्याच जागी सहा वेळा तो शर्ट काढला आणि सून सहाही वेळा चालली. सातव्या वेळी सुनेने मला मागितलं आणि स्वतः काढला. चित्रकार बाई जवळ येऊन म्हणाल्या, "किती सुंदर! याला नाव काय?"

"छाती बेचाळीस," मास्तर म्हणाल्या.

रविवारी सुनेने जुन्या चादरीवर तीनदा बेतून पाहिलं. सोमवारी सकाळी तिने खऱ्या कापडाला कात्री लावली. मास्तर शेजारी स्टुलावर बसून होत्या, एक शब्द न बोलता. त्यांना ते किती जड गेलं असेल, ते मीच जाणते. संध्याकाळी पोलीस आला. शर्ट घातला, खोचला.

"हात वर करा," मास्तर म्हणाल्या.

त्याने लाजत लाजत केला.

"असा नाही. समोरून बस येतेय आणि तिचे ब्रेक लागत नाहीयेत, असा."

त्याने हात सपकन वर केला. आम्ही सगळे त्याच्या पट्ट्याकडे बघत होतो. शर्ट जागचा हलला नाही. त्याने दुसरा केला. मग दोन्ही केले. मग उगाचच आणखी दोनदा केले, आणि म्हणाला, "वहिनी, उरलेले अकरा कधी देता?"

सून रडायला लागली. मास्तर जवळ गेल्या, शर्ट निरखून पाहिला. "डावी शिलाई जराशी ओढली आहेस," म्हणाल्या. मग खण उघडला, आपली कात्री काढली आणि तिच्या हातात दिली. "धार लावून घे. तिला माझ्या हाताची सवय आहे, थोडे दिवस रुसेल. पण तुझी होईल."

मास्तरांचा हात अजून थरथरतो, मित्रांनो. तो थरथरणारच. पण आता रविवारी संध्याकाळी त्या गच्चीवर मला घेऊन कॉलर आणि खिसे काढतात. सून वही घेऊन बसते, अहो बादलीशी तयार उभे असतात, आणि नळी कोपऱ्यात गुंडाळलेली असते. मी वाईट बोलणार नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, ज्याच्या हातातलं काम तुम्ही प्रेमापोटी काढून घेतलं आहे. त्याला 'तुम्ही बसा' म्हणू नका. 'मला करून दाखवा' म्हणा. आणि दाखवत असताना जवळ उभे राहा. थोडं पाणी सांडेल. सांडू द्या.