सागवानी दारं

"साहेब, माझं संपलं नाही अजून," म्हणत काव्यानं फाइलीतला पुढचा कागद काढून टेबलावर ठेवला.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "बोल की. कितवीला आहेस?"

"अकरावीला. घर आईच्या नावावर आहे. ती बोलायला बुजते, म्हणून मी."

शेजारी फुलाबाई पदर घट्ट धरून बसली होती. रस्ता रुंद करायला दोन खोल्यांचं घर पाडायची नोटीस आली, तेव्हा अख्ख्या गल्लीत अपील करणारं हे एकच घर. वक्तृत्वाची ढाल जिंकलेल्या काव्यानंच ते लिहिलं होतं. रिक्षात ती आईला समजावत होती, "मान्य करतील, न्हाईतर फेटाळतील, न्हाईतर परत मोजणी लावतील. मोजणी लागली तरी आपण जिंकलो बघ!"

चौथंही काही होऊ शकतं, हे तिला माहीत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी एक फोटो तिच्यापुढं सरकवला. त्यांचंच घर. दाराच्या जागी भगदाड, खिडक्यांच्या जागीही.

"आमचा माणूस पाहणी करून गेलाय. घर तुम्ही स्वतःहून सोडलंय, असा अहवाल आहे. आता ऐकायचं काय? अपील निकाली काढतोय."

"राहतोय की आम्ही तिथं! पडदा लावून राहतोय. दारं तर अप्पांनीच..."

ती थांबली. शेजारच्यांची दारं जेसीबीखाली चिरडलेली बघून तिच्या वडिलांनी, मल्लिनाथनं, आपली दारं-खिडक्या आधीच उतरवल्या होत्या. सुतार माणूस, लग्नाच्या वर्षी स्वतः रंधा मारून केलेलं सागवान. ते टेम्पोत घालून मंद्रूपला बहिणीकडं पोचवलं, तेव्हा कुठं त्याला झोप लागली.

"परवा पाडायला गाडी येईल, बाळ. सामान हलवून ठेवा."

आवाजात राग नव्हता. त्यामुळं भांडताही येईना.

दोघी घरी पोचल्या, तेव्हा मल्लिनाथ पडदा बाजूला सारून उंबऱ्यावरच बसला होता.

"काय झालं गं?"

फुलाबाईनं तोंड उघडलं. काव्यानं तिचा हात दाबला.

"फेटाळलं, अप्पा. रस्ता व्हणारच म्हणत्यात. कुणाचंच ऐकंनात."

तो भिंतीवरून नुसता हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तरी बरं, दारं तेवढी वाचवली मी."

"व्हय, अप्पा," काव्या मोठ्यानं म्हणाली, स्टेजवर बोलायची तशी. "लई बरं केलं तुमी."