वरचा पाव फेरा

काका पाण्याच्या टाक्या विकायचे आणि त्यांना शेड हवी होती. शेडमध्ये बाबांची गाडी होती. पुढचं एक चाक काढलेलं, इंजिनाची एक बाजू उघडी. नवा टायमिंग बेल्ट घालून झाला होता, क्रँकची पुलीही, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची चकतीही, जागेवर गेली होती. तिच्या मधोमधचा मोठा बोल्ट तेवढा आवळायचा होता, आणि बाबा गेले.

"भंगारवाला दुपारी येतोय," काका म्हणाले. "त्याच्या आत हे धूड स्वतःच्या चाकांवर बाहेर आलं तर ठेवा खुशाल. मी चकार शब्द काढणार नाही."

त्यांनी गमतीत म्हटलं. बाबांच्या लेकीनं ते खरं धरलं.

"आई, ऐकलंस ना?"

"ऐकलं," आई म्हणाली. "भावजींचा आवाज काही लहान नाही."

लहानपणापासून ती बाबांच्या हाताखाली काम करत आली होती, पण अर्धंच. सोडवायचं तिनं, बसवायचं बाबांनी. कितीही गंजलेला, हट्टाला पेटलेला बोल्ट असो, ती तो सोडवून हातात आणून द्यायची. आवळायची वेळ आली की बाबा पाना काढून घ्यायचे. "सोडताना चुकलीस तर इथे कळेल. आवळताना चुकलीस तर भर रस्त्यात." एवढं बोलून विषय बंद. तिला त्याचा राग यायचा. आता बाबा नव्हते, राग मात्र जागच्या जागी होता.

गोणपाट अंथरून ती पुलीसमोर बसली. बोल्ट बाबांनी बोटांनी फिरवून ठेवलेला होता. आट्यांना तेल लावावं म्हणून तिनं तो बाहेर घेतला. तेल लावलेलंच होतं. तिनं तो होता तितकाच परत आत नेला, बोटांनीच.

अडचण वेगळी होती. पाना लावला की बोल्टाबरोबर अख्खं इंजिन फिरायचं. ते धरून ठेवायला गाडी वरच्या गियरमध्ये टाकून कुणीतरी ब्रेक दाबून बसायला हवं.

"एअर गननं बोल्ट आवळणारा बोलावू का?" काकांनी विचारलं. "दोन मिनिटांचं काम. तुझे हात पुस्तकं धरायचे, उगाच कशाला?"

"बाबांनी गनवाल्याला कधी दारात उभं केलं नाही."

"त्याच्या मनगटात जोर होता, बाई."

"पान्याच्या दांड्याला लावायला पाइप आहे की माझ्याकडे," ती म्हणाली आणि आईकडे वळली. "तू बस ड्रायव्हरच्या सीटवर."

आई त्या सीटवर जन्मात बसली नव्हती. ती काठावर टेकली आणि पाय लांब करून तिनं पेडल गाठली.

"सीट पुढे घे."

"राहू दे. पोचतायत पाय."

लेकीनं पाना ओढला. इंजिन फिरलं. गियर तपासून पुन्हा ओढला. पुन्हा फिरलं. काकांनी चहाचा घोट घेतला. ती उठली, दारापाशी वाकली आणि आत पाहिलं. आईनं दोन्ही पाय दाबून धरले होते, जीव तोडून.

"आई, क्लच का दाबलायस?"

"हे गाडी थांबवताना दोन्ही दाबायचे. मी काय आंधळी होते? इतकी वर्षं शेजारीच बसले ना."

काकांना ठसका लागला. लेकीलाही हसू आलं, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. "बरोबर पाहिलंस," ती म्हणाली. "पण आज आपल्याला थांबायचं नाही, धरून ठेवायचंय. क्लच दाबला की इंजिन सुटतं, डावा पाय काढ."

आता इंजिन जागचं हललं नाही. टॉर्कचा पाना कट्‌ करून वाजला, म्हणजे पहिला जोर पुरला. यावर अजून पाव फेरा द्यायचा होता. तिनं खडूनं बोल्टावर आणि पुलीवर पाव फेऱ्याच्या अंतरानं खुणा केल्या, लांब दांड्याचा पाना लावला, दांड्यावर पाइप चढवला आणि अंग टाकलं. बोल्ट थोडा सरकला आणि इंजिनही सरकलं.

"पाय घसरतोय गं," आतून आवाज आला.

"मग सीट पुढे घे."

बाबा गेल्यापासून ती सीट कुणी जागची हलवली नव्हती. मग खटका वाजला, सीट करकरत पुढे आली आणि आई म्हणाली, "ओढ आता."

तिनं ओढलं. बोल्ट कुरकुरला. खुणेपर्यंत अजून निम्मं अंतर होतं.

"बस झालं," काका पुढे आले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुटेल तो. तुटला तर सगळंच संपलं. दादा असता तर इथेच थांबला असता."

"ते थांबायचे नाहीत, काका. मला थांबवायचे."

हाताखाली लोखंड ताणल्यासारखं लागत होतं. हा बोल्ट ताणूनच बसतो हे तिला पाठ होतं. तळहाताला ते पटत नव्हतं. तिनं भिंतीला पाय रोवला आणि पटायची वाट न पाहता पाइप खाली नेला. खूण खुणेला भिडली. तिनं पाना काढला आणि गोणपाटावर ठेवला. हात मांडीवर पुसले.

बाहेरचा पट्टा चढला, चाक लागलं, गाडी जमिनीवर आली. आई शेजारच्या सीटवर सरकली, पण पुढे घेतलेली सीट तिनं मागे केली नाही, लेकीनंही नाही. किल्ली फिरवल्यावर इंजिनानं दोनदा नाक मुरडलं, तिसऱ्यांदा धरलं. पुली सरळ फिरत होती.

शेडच्या तोंडाशी भंगारवाल्याचा ट्रक आडवा लागला होता. काका काचेशी आले. "अगं, माणूस लांबून आलाय. आता त्याला काय सांगू?"

"ट्रक मागे घ्यायला सांगा," ती म्हणाली आणि पहिला गियर टाकला.