नववं पान

चिमट्याची स्प्रिंग पुन्हा निसटली होती... अफुएने ती दातांनी वाकवून बसवली आणि शेवटचा पेपर दोरीवर टांगला. पहाटेपासून उभी, गुडघे आत्ताच कुरकुरायला लागलेले, आणि तिच्या पेपरच्या ठेल्यासमोर योपुगों वस्तीच्या चौकातला तोच रोजचा घोळका – हात पाठीमागे, माना वर, फक्त मथळे वाचणारा, विकत काही न घेणारा, आणि तेवढ्यावर सरकार पाडून पुन्हा उभं करणारा. त्यात झादी मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा. निवृत्त झाल्यापासून, अकरा वर्षं. एकदा तिने चिडून विचारलं होतं, "मास्तर, आत काय लिहिलंय ते कधी बघणार?"

"आत काय असणार? मथळाच, पाणी घालून वाढवलेला!"

सगळे हसले होते. तीही – कंटाळून.

आज मास्तर उशिरा आले. कुणाशी न बोलता सरळ तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एक दे."

"काय?"

"पेपर गं. तो, कडेचा."

तिने दिला. त्यांनी तो उघडला नाही, तसाच परत पुढे केला. "नववं पान. वाच जरा."

"चष्मा विसरलात?"

"चष्मा आहे."

दुःखद निधन... चौकटीत डोक्याला रुमाल बांधलेली, हसू आवरणारी एक बाई. ओनोरीन झादी, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षकाची पत्नी – अफुए वाचत गेली, आणि वाचता वाचता तिला वाटलं, या माणसाला घर असेल, तिथे कुणी वाट बघत असेल, हे इतक्या वर्षांत आपल्या मनातही आलं नाही...

"एकोणसाठ," मास्तर म्हणाले. "चुकवलंय."

"कळवू पेपरवाल्यांना? नंबर आहे इथे."

"राहू दे. छापलं ना आता."

घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, मंत्र्याची खुर्ची गेली! बोला की!"

मास्तरांनी तिच्या हातातला पेपर घेऊन काखेत मारला, घसा खाकरला, आणि बोलू लागले.

रोज या वेळी ती मनात म्हणायची, गप्प बसा हो एकदाचे. आज शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हते, नुसता आवाज... तो मध्येच अडखळला की तिचे हात थांबत. आपल्या घरात शेवटचं इतक्या मोठ्याने कोण बोललं होतं? आठवेना. बोला, ती मनात म्हणत होती, बोलत राहा मास्तर – आणि हे आपण नेमकं कुणासाठी म्हणतोय, ते तिला कळत नव्हतं.