पाटी म्हातारबाची, कासव मी

मी कासव बोलतोय. जन्माने समुद्रातलं, पण आता मत्स्यालयातलं. जे सांगणार आहे ते मला कितपत बरोबर आठवतंय याची खात्री नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वय हे एक कारण झालं. दुसरं कारण असं, की माझ्या टाकीसमोर रोज मोठ्याने माझं चरित्र सांगितलं जातं आणि ते माझं नाही. दुसऱ्याच्या आठवणी इतकी वर्षं कानांवर पडल्या, की आपल्या कोणत्या आणि त्याच्या कोणत्या, याची मनात भेसळ झाली आहे.

माझं म्हणून जे नक्की आहे ते थोडकं आहे. उबदार वाळू, पाण्याकडे केलेली धावपळ, मग बरीच वर्षं नुसतं पाणी. त्यानंतर एक जाळं. त्यात माझा पुढचा उजवा पाय असा पिळवटला, की तो अजूनही अर्धाच वळतो. कोणा भल्या माणसाने मला जखमी प्राण्यांच्या दवाखान्यात पोचवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आता मोकळ्या पाण्यात टिकायचा नाही." बाई हुशार होत्या. तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं का, यावर मी अजून विचार करत असतो.

तिथून मला ट्रकमध्ये घालून इकडे आणलं. खाली ओला स्पंज, पाठीवर ओलं फडकं. इथे खाऊ घालणारा एक पाणबुड्या आहे, त्याला सगळे 'बेडूक' म्हणतात. टाकीत सोडताना तो माझ्या डोक्याशी वाकून म्हणाला, "हे बघ, आजपासून तू म्हातारबा. जुना म्हातारबा थंडीत मेला. साहेब म्हणाले, पाटी बदलायची नाही, पोरं नावाने विचारत येतात. तेव्हा सवय करून घे, बाबा."

ही इथली रीतच आहे. नावाचा प्राणी मेला, की दारं उघडायच्या आत त्याच्यासारखाच दुसरा सोडायचा आणि पाटी तीच ठेवायची. समुद्रघोड्यांची 'राजा-राणी' ही जोडी किती वेळा बदलली, ते बेडकालाही आठवत नाही. सुट्टीत आलेल्या मुलांच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. हेतू वाईट नाही. मीही स्वतःची समजूत घातली. मोठी टाकी, आयता कोबी, दर महिन्याला तपासणी. नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय बिघडलं?

माणसं मला काचेतून बघतात, तशी मीही त्यांना बघतो. मुलांचे वडील आले की आधी माझं वजन विचारतात, का ते मला कळलेलं नाही. आयांना वाटतं मुलांचे हात मळलेत. आणि मोठी माणसं पाटी वाचतात, मग माझ्याकडे एकदा बघतात आणि पुढे जातात. मुलांना वाचता येत नाही, म्हणून ती मलाच बघत बसतात.

मी आलो त्याच वर्षीच्या सुट्टीत ते चौघं आले. आई, बाबा, सहाएक वर्षांची मुलगी आणि बाबांच्या खांद्यावर बसलेला तिचा धाकटा भाऊ. धाकट्याला 'मासा' हा एकच शब्द येत होता, तोही बोबडा. तो मला "माशा!" म्हणाला, खांबाला "माशा!" म्हणाला आणि दारावरच्या पहारेकऱ्यालाही "माशा!" म्हणाला. पहारेकरी हसला. आई हसली नाही.

मुलगी धावत काचेशी आली आणि थबकली. तिने मला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"कोण नाही?" बाबांनी विचारलं.

"म्हातारबा."

"अगं, तोच आहे. ही काय पाटी!"

"पाटी तीच आहे. कासव दुसरं आहे. त्याच्या पाठीवर इथे खाच होती. मागच्या सुट्टीत आजोबांनी मला उचलून दाखवली होती."

"भरून आली असेल. तुझा गुडघा नाही का भरून आला?"

"बाबा, गुडघ्याला चामडी असते. त्याची पाठ टणक आहे."

 बाबा आईला घेऊन जरा बाजूला, पण माझ्या काचेच्याच कडेला सरकले. माणसांना वाटतं काचेतून ऐकू येत नाही. अगदी जवळ बोललेलं येतं.

"इथे आणायलाच नको होतं," आई म्हणाली.

"मला वाटलं, तिला आवडतं म्हणून... सुट्टी संपू दे. घरी गेल्यावर सांगू."

"गेल्या महिन्यातही तू हेच म्हणालास. रोज विचारते ती, आजोबा हवापालटाहून कधी येणार. आणि मी रोज सांगते, येतील."

"मग मी सांगतो ना."

"नको. माझे बाबा आहेत, मीच सांगायला हवं. पण 'बाबा वारले' हे माझ्या तोंडून अजून एकदाही निघालेलं नाही रे. निघतच नाही."

म्हणजे आजोबांचंही माझ्या आधीच्या कासवासारखंच झालं होतं. थंडीतच गेले असावेत. त्यांच्या जागीही एक पाटी लावली होती: हवापालट.

इकडे मुलगी टाकीच्या कोपऱ्याशी माहिती सांगणाऱ्या ताईपुढे जाऊन उभी राहिली होती. "ताई, हा जुनाच म्हातारबा आहे का?"

ताईने आईकडे पाहिलं. आईने दुरूनच हात जोडल्यासारखे केले. ताईला त्या हातांमागचं काही ठाऊक नव्हतं, तरी ती म्हणाली, "हो गं राणी. तोच आहे."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग मला ओळखत का नाही?"

ती काचेशी परत आली आणि तिने हात पसरून काचेवर टेकला. मी समोर गेलो. काय करावं, मला खरंच कळत नव्हतं. तिच्या हाताशी तोंड लावून थांबलो असतो, तर तिने मला म्हातारबा मानलं असतं. पाठ फिरवली असती, तर आणखी एकजण तिला सोडून गेल्यासारखं झालं असतं. इतकं ऐकून, इतका विचार करून माझा काही निर्णय होईना आणि तेवढ्यात माझा श्वास संपला. आम्हाला पाण्यात राहता येतं, पण हवेसाठी वर यावंच लागतं. मी वर निघालो. अर्धाच वळणारा पाय घेऊन, वेडावाकडा.

वर जाता जाता ऐकू आलं:

"बघ. गेला."

आणि मग ती आईकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, आजोबांच्या जागीपण तुम्ही दुसरे आजोबा आणणार का? आणि मला म्हणणार, तेच आहेत?"

बाबा म्हणाले, "चला, चला, आइसक्रीम कोणाकोणाला?"  

मी नाक बाहेर काढून श्वास घेतला आणि जमेल तितक्या घाईने खाली आलो. तोवर आई आणि मुलगी समोरच्या भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. तिथलं मला ऐकू येत नाही. आईचे ओठ हलताना दिसले. ते बराच वेळ हलत होते, मध्ये थांबत होते, पुन्हा हलत होते. मुलगी रडली नाही. तिने आईच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि आईच रडू लागली. बाबा धाकट्याला घेऊन पाठमोरे उभे होते. मग सगळे गेले. जाताना मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

आईने तिला खरं सांगितलं, की हवापालट आणखी लांबवला? मला कळायला मार्ग नव्हता. मोठी माणसं रडता रडताही खोटं बोलतात, हे मी काचेआडून पुष्कळ पाहिलं आहे. पुढच्या सुट्टीत ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी मात्र प्रत्येक सुट्टीत त्या बाकाकडे बघायचो. माहिती सांगणाऱ्या ताया बदलल्या, बेडकाचे केस पिकले. "तोच आहे का?" या प्रश्नाला उत्तर तेच राहिलं.

आता माझा एक डोळा अंधुक झाला आहे. कोबी बारीक चिरून द्यावा लागतो. बेडूक म्हणतो, "तू तरी टिक रे, तिसऱ्या म्हातारबाला शिकवायला माझ्यात दम नाही." माझ्यानंतरही पाटी हीच राहणार, हे मला माहीत आहे. त्याबद्दल तक्रार करायचं माझं वय नाही. तुमच्याकडे मागणं एवढंच: मुलांना घेऊन याल आणि एखादं मूल विचारेल, "हा तोच का?" तर उत्तर द्यायच्या आधी पाटीकडे बघू नका. त्या मुलाकडे बघा.

गेल्या सुट्टीत एक तरुण बाई आणि मिसरूड फुटलेला एक मुलगा काचेशी येऊन उभे राहिले. माझा चेहऱ्यांवर भरवसा उरलेला नाही. ती बोलली म्हणून ओळखलं.

"त्या बाकावर," ती बोट दाखवत म्हणाली, "आईने सांगितलं, आजोबा वारले. पहिल्यांदा तिथेच म्हणाली ती."

"आणि तू काय म्हणालीस, ताई?"

"म्हटलं, मला माहीत आहे."

"कसं काय?"

"त्यांचा चष्मा कपाटात होता. चष्म्याशिवाय आजोबांना समोरचा कप दिसायचा नाही. ते हवापालटाला कसे जातील?"

"मग सगळ्यांना एवढे प्रश्न कशाला विचारत बसलीस?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "कोणीतरी एकदा खरं बोलावं म्हणून."

म्हणजे आईने त्या दिवशी सांगितलं होतं, हे आता पक्कं झालं. आणि मुलीला ते आत शिरतानाच ठाऊक होतं, हेही.